आज राखण कोण?

'राखण' हा शब्द मी एकतीस वर्षे वर्गात शिकवला आणि त्याकडे एकदाही धड पाहिले नाही. रक्ष् हा धातू, त्यावरून रक्षण, प्राकृतात रक्खण, मराठीत राखण. पक्षाचा पाख झाला, लक्षाचा लाख झाला, तसाच हा. फळ्यावर लिहायचे, पुसायचे, पुढचा शब्द. धानोऱ्याच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातली निम्मी पोरे रात्री शेत राखून सकाळी वर्गात येत, बाकावर पेंगत, आणि मी त्यांना राखण शिकवत होते! आता आठवले की स्वतःचाच राग येतो.

निवृत्त झाल्यावर चंद्रपूरला घर केले आणि शब्दांची वही घातली. राखणीचे गोत लिहायला बसले तर पान पुरेना. गुरे राखतो तो गुराखी. बहीण बांधते ती राखी. सरकारने कागदावर आपले म्हटले ते राखीव जंगल. चुलीतली राखसुद्धा याच घरची म्हणतात; संस्कृतात रक्षा म्हणजे भस्म असाही अर्थ आहे, अंगाला लावले की ते राखते म्हणून. मला हे पुरते पटलेले नाही, पण बहात्तराव्या वर्षी कोशकारांशी भांडायला वेळ कुठे आहे? शिवाय मान राखायचा, मर्जी राखायची, मागून येणाऱ्यासाठी भाकर राखायची. बाई 'राखली' असे पुरुष बोलतात, तेही लिहिले. वहीत मी काही झाकत नाही.

शेजारचे शब्दही तपासले. पहारा प्रहरातून आला, म्हणजे त्यात घड्याळ आहे. प्रहर सरला की पहारेकरी घरी. जागलीत जागणे आहे. सूर्य उगवला की जागल संपली. राखण कधी संपते? तिथे माझे पेन अडले. अडले की मला चैन पडत नाही. मी अन्नपूर्णाला फोन लावला.

अन्नपूर्णा कुमरे माझी विद्यार्थिनी. बारावीपर्यंत शिकली, मग कोसमटोल्यात लग्न झाले. गडचिरोलीहून धानोऱ्याला जाताना डांबरी रस्ता सोडून पाच किलोमीटर आत हे गाव आहे, चाळीस घरांचे. फोनवर मी विचारले, "तुमच्याकडे राखण कशाला म्हणतात गं?"

"कशाले नाई मॅडम, कोनाले. राखण म्हणजे मानूस. मोहाच्या सीजनमंधी सकाळी बाया इचारते ना, आज राखण कोण? तर आमची आत्या."

आत्या म्हणजे तिची सासू, मंगलीबाई. काम नाही, माणूस! कोणत्याही कोशात हे नाही. मार्चचा शेवट होता, मोह गळायला लागून पंधरवडा होत आला होता. दुसऱ्या दिवशी मी मूलमार्गे गडचिरोलीच्या बसमध्ये होते. पुढे फाट्यावर अन्नपूर्णाचा नवरा बिरजू मोटारसायकल घेऊन आला होता. माझ्या गुडघ्यांकडे पाहून म्हणाला, "बसता येईन का, बाई?" मी म्हटले, "तू चालव."

अंगणभर मोहफुले वाळत घातली होती आणि त्या गोड-आंबूस वासात मंगलीबाई फिरत होत्या. साठीच्या, वाळक्या शेंगेसारख्या, पायात प्लास्टिकच्या चपला. मला बाजेवर बसवले, पाणी दिले, आणि स्वतः काही बसल्या नाहीत. मान सारखी फिरत होती. कोंबडीकडे, वाटेकडे, बिरजूकडे, चुलीकडे, पुन्हा वाटेकडे. बोलताना माझ्याकडे पाहायच्या, अर्ध्या वाक्यात दुसरीकडे.

शेजारची करिश्मा कुडावर हात टेकून उभी होती. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, जिभेला धार. ती म्हणाली, "पाहून राह्यल्या ना बाई? घरीबी राखणच करते आमची मावशी. जेवताना भाताचीबी राखण."

"तुझ्यासारखीच्या हाताले लागू नये म्हणून," मंगलीबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मंगलीबाईंची मान तेवढ्यात तीनदा फिरली.

ही राखण जुनी नाही. अकरा वर्षांची आहे. त्याआधी कोसमटोल्यात प्रत्येक घराचे मोह ठरलेले होते. आजही आहेत. पहाटे आपापल्या झाडाखाली जायचे, वाकायचे, वेचायचे. मोहाची फुले पहाटेपासून टपटप गळतात आणि ऊन चढले की सुकतात, शिवाय वानरे, गुरे, हरणे सगळी टपलेली. म्हणून प्रत्येक बाई एकटी, आपल्या झाडाखाली, मान खाली. वाघ तेव्हा इकडे नवा होता. वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही म्हणतात. मंगलीबाईंची धाकटी जाऊ सुकमा अशीच वाकलेली होती, तीन झाडे पलीकडे. मंगलीबाईंना आवाजही आला नाही.

"मी गात होती," त्यांनी मला सांगितले. "वेचताना गाची सवय होती. मोठ्यानं. तिनं हाक मारली असन तरी मले काय ऐकू येईन?"

चौथ्या दिवशी त्या परत जंगलात गेल्या. टोपली घरी ठेवून. हातात बांबूची काठी. बायांना म्हणाल्या, तुम्ही वेचा, मी उभी राहते.

त्यातून पद्धत ठरत गेली. उजाडल्याशिवाय निघायचे नाही. बरोबर येणाऱ्या आठही जणींनी एकाच झाडाखाली वेचायचे, ते झाले की पुढच्या. ज्या घराचे झाड त्या घराची फुले. राखणीने एक फूलही उचलायचे नाही, वाकायचे नाही. तिच्याशी कोणी बोलायचे नाही. तिने काठीने खोडावर ठोका देत राहायचे, ठक, ठक, आपल्या चालीने. ठोका चालू आहे तोवर मान खाली असू द्यावी. ठोका थांबला की मान वर. आणि मग राखण एकच शब्द ओरडते: "रस्ता!" नाहीतर "बांध!" नाहीतर "टेकडी!" वाघाचे नाव ती घेत नाही. वाघ कुठे आहे हेही सांगत नाही. आपण कुठे जायचे ते सांगते. सगळ्यांनी एकमेकींना धरून, न पळता, तिकडे सरकायचे. संध्याकाळी प्रत्येक घरून तिला दोन ओंजळी मोह. अकरा वर्षांत नऊ वेळा ठोका थांबला. एकीलाही ओरखडा नाही.

मी हे सगळे वहीत उतरवले आणि म्हटले, उद्या मला न्या.

अन्नपूर्णा म्हणाली, "मॅडम, तुमचे गुडघे."

"गुडघे माझे आहेत. ते मी पाहीन."

पहिल्या झाडापर्यंत अर्धा तास लागला. धापा टाकत मी एका दगडावर बसले. बाया वाकल्या. मंगलीबाई खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या, ठोका सुरू झाला. मान चालूच. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, जणू जंगल चाळत होत्या. किती जागरूक बाई, असे मला आधी वाटले. पंधरा मिनिटांनी वाटले, काहीतरी खटकते आहे.

त्या पाहत नव्हत्या. डोळे एका जागी ठरतच नव्हते. मान फिरत होती ती प्रत्येक वेळी इतकीच की उजवा कान पुढे यावा.

मी उठले. नियम मोडला, खरे सांगते. त्यांच्या डाव्या बाजूने गेले आणि हळू म्हटले, "मंगलीबाई, वानर दिसले का?" काही नाही. ठोका चालू. मी वळसा घालून उजवीकडे आले, तितक्याच हळू तेच विचारले. त्या दचकल्या. "बाई, इथी नोका बोलू. बसा."

बसले.

मला हे कळले कारण माझा स्वतःचा एक कान सात वर्षांपूर्वी गेला. लोकांना वाटते, एक कान गेला म्हणजे निम्मे ऐकू येते. तसे नाही. त्या बाजूचे कुजबुजणे सोडले तर ऐकू सगळे येते. कुठून येते ते कळत नाही. माझ्या घरी दाराची घंटा स्वयंपाकघरात वाजते. फोन उशीखाली असतो आणि मी गच्चीवर शोधते. रस्त्यात ऑटोचा भोंगा ऐकून मी ऑटोच्याच दिशेने बाजूला होते, म्हणून आता कोणाचा तरी हात धरल्याशिवाय रस्ता ओलांडत नाही. दोन कान लागतात ते दिशेसाठी. आणि या बाईचे सगळे काम दिशेचे होते. वाघ दिसला की वानर खाकरते; नाल्याकडून खाकरले तर 'बांध!' ओरडायचे. तिला ते बांधाकडून वाटले तर? तर ती आठ बायांना नाल्यात पाठवणार होती.

संध्याकाळी अन्नपूर्णा पाण्याला गेल्यावर मी मंगलीबाईंना गाठले. गोडगोड बोलणे मला जमत नाही.

"डावा कान कधी गेला?"

त्यांनी मोहफुलांतली काडी काढून फेकली. "तुमी शब्द गोळा कराले आल्या ना बाई? शब्द गोळा करा."

"मंगलीबाई, माझाही गेला आहे. उजवा. मला फसवू नका."

त्यांनी ओंजळभर फुले परतली. मग म्हणाल्या, "दिवाळीपासून. आधी आत पानी गेल्यासारखं वाटे. मंग काहीच नाई."

"घरी सांगितले?"

"कोनाले सांगू? बिरजू मले घरी बसवन. अन्नपूर्णाले मी चार वेळा म्हटलं, माझ्या संग उभी राय, शिक. ते काय म्हणते मालूम? आत्या, एक बाई जरी गेली तर गाव माझ्या तोंडावर थुंकन, मी नाई. करिश्माचं तोंड चालते, कान नाई चालत. बाकीच्या म्हाताऱ्या. मी नाई म्हटलं की राखण संपली. मंग जो तो आपापल्या झाडाखाली. जशी सुकमा होती तशी."

"आणि चुकीची दिशा सांगितली तर?"

"अजून नाई चुकली."

"या मोसमात ठोका किती वेळा थांबला?"

त्यांनी आणखी एक काडी काढून फेकली. म्हणजे एकदाही नाही. म्हणजे तिची परीक्षा अजून झालीच नव्हती.

"आठ दिवस," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांत मोह सरते. पुढच्या वर्साचं पुढं पाहू."

"आठ दिवस थांब असे वाघाला सांगून ठेवले आहे का?"

"बाई, तुमी मोठ्यानं बोलून राह्यल्या."

"मी मोठ्यानेच बोलते. उद्या संध्याकाळपर्यंत तुम्ही बायांना सांगा. नाहीतर मी सांगते."

उद्या संध्याकाळपर्यंत. ही मुदत मी का दिली, ते मला अजून समजलेले नाही. त्याच वेळी कुडापलीकडे करिश्मा होती, अन्नपूर्णा हंडा घेऊन वाटेवर दिसत होती. आयुष्यभर तोंडावर बोलण्याचा माझा लौकिक, आणि नेमके तेव्हा मी एका बाईचा मान राखला. उठून बसत, पाणी पीत, रात्र काढली. सकाळी पुन्हा त्यांच्याबरोबर गेले. घरी राहणे शक्यच नव्हते.

दोन झाडे झाली. तिसरे नाल्याजवळचे. ते मोठे झाड होते, खाली पिवळा सडा. एका बाजूला नाला, त्यात करंजाची दाटी; दुसऱ्या बाजूला शंभरेक पावलांवर बोडीचा, म्हणजे लहान तळ्याचा, मातीचा बांध, उंच आणि मोकळा. बाया वाकल्या. ठक. ठक. मी बांधाकडे तोंड करून उभी होते आणि माझ्या एका कानाचा मला काही उपयोग नव्हता.

वानर खाकरले.

एकदाच, खक्. मग पुन्हा दोनदा. मलाही ऐकू आले. कुठून? मला सगळीकडून वाटले.

ठोका थांबला. आठ माना वर झाल्या. सगळ्या मंगलीबाईंकडे पाहत होत्या, शब्दाची वाट पाहत. मंगलीबाईंची मान फिरली, नाला, बांध, नाला. तोंड उघडले, मिटले. इतके दिवस ज्या मानेला कोणी थांबलेले पाहिले नव्हते ती मान एकदम थांबली.

"मले समजून नाई राह्यलं," त्या ओरडल्या. "मले दिशा नाई समजत! अन्नपूर्णा, तू सांग!"

अन्नपूर्णा टोपली धरून तशीच उभी. मला तिचा चेहरा आठवतो. वर्गात अचानक उभे केले की तिचा असाच व्हायचा. वानर पुन्हा खाकरले.

"बांध," ती म्हणाली. आवाज फुटलाच नाही. मग ओरडली, "बांध! पळू नका. करिश्मा, मॅडमले धर."

करिश्माने माझा दंड इतका जोरात धरला की चार दिवस वळ राहिले. सगळ्या पाठीला पाठ लावून, खेकड्यासारख्या तिरप्या, बांधाकडे सरकल्या. अन्नपूर्णा शेवटी होती, नाल्याकडे तोंड करून. मंगलीबाईंना तिने पदराला धरून ओढत आणले. कोणाला काही दिसले नाही. बांधावर चढल्यावर करंजाच्या शेंड्यांवरून वानरांचा कळप सरकताना दिसला, खाकरत खाकरत, नाल्याच्या वरच्या अंगाला. दुपारी बिरजू आणि जंगलचा गार्ड नाल्यात उतरले तेव्हा ओल्या वाळूत पावले होती. ताजी.

बांधावर आधी सगळ्या नुसत्या धापा टाकत होत्या. मग करिश्मा फुटली.

"काय म्हटलं मावशी तुमी? दिशा नाई समजत? कवापासून?"

"दिवाळीपासून. डावा कान गेला."

"दिवाळीपासून! अन् आमी पंधरा दिवस मान खाली घालून! माझं लेकरू घरी पाळण्यात हाय, मावशी! सांगता नाई येत होतं?"

"आज सांगतलं ना."

"आज! वानर खाकरल्यावर!"

एक म्हातारी रडायला लागली. अन्नपूर्णा सासूकडे पाहत होती. आणि आता मला गप्प राहता येईना.

"मला कालपासून माहीत होते," मी म्हटले.

करिश्मा माझ्याकडे वळली. "तुमालेबी?"

"होय."

"अन् तुमी रातभर चूप राह्यल्या? शिकल्या-सवरल्या बाई तुमी?"

ते बोलणे माझ्या वाट्याचे होते आणि मी ते घेतले.

दुसऱ्या दिवशी राखण नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. मी निघायला हवे होते, पण निघता येईना. वही बंद करून अंगणात येरझारा घालत होते. मंगलीबाई घरात बसून होत्या. बसून! बिरजू म्हणाला, "आईले दवाखान्यात नेतो." त्या म्हणाल्या, "मोह सरू दे." रस्त्यावरून बाया जाताना दिसायच्या, एक एक, आपापल्या झाडाकडे. बांधावर रडलेली ती सोमाजीची म्हातारी टोपली घेऊन एकटी गेली तेव्हा मंगलीबाई दारापर्यंत आल्या, काठी हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. म्हातारी परत येईपर्यंत उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. करिश्मा गेलीच नाही. तिचे झाड त्या नाल्याजवळचेच, फुले खाली पडून काळी पडत होती. मोह गेला म्हणजे पावसाळ्यातले मीठ-मिरची-कपडा गेला, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी करिश्मा कुडाशी आली. मंगलीबाईंकडे न पाहता अन्नपूर्णाला म्हणाली, "उद्या तू उभी राय."

"मी? मी नाई. मले नाई जमत."

"त्या दिवशी जमलं ना."

"त्या दिवशी तोंडून निघालं."

"तेच पाहिजे. तू बांध म्हटलं अन् आमी आलो ना तुझ्या मांगं? कोनी इचारलं का, तुले कोनं राखण केलं म्हणून?"

अन्नपूर्णा माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटले, "माझ्याकडे काय पाहतेस? मी पेपर तपासायला नाही बसले इथे."

ती घरात गेली, बाहेर आली, सुपातली फुले उगाच बांबूच्या ढोलीत ओतली. मग म्हणाली, "उभी राहीन. पन आत्या माझ्या संग उभी नाई राहणार."

मंगलीबाईंनी मान वर केली. "काऊन? एक कान हाय ना माझा. तुले शिकवतो."

"तुमी उभ्या राह्यल्या तर ह्या साऱ्या तुमच्याकडं पाहन. ठोका मी देईन अन् मान तुमच्याकडं. दोन राखणी असल्या तर कोनाचं ऐकाचं? तुमी वेचाचं. टोपली घ्याची, सगळ्यांत मधी बसाचं, मान खाली."

"मी? वेचू?"

"हाव."

"अकरा वर्सांत मी एक फूल नाई उचललं."

"मंग उचला आता."

सासूला असे बोलताना मी तिला प्रथमच ऐकले. करिश्माने काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडले होते, ते मिटले. मंगलीबाईंनी बराच वेळ काठी हातात फिरवली. मग ती सुनेपुढे धरली नाही, कुडाला टेकवून ठेवली, आणि टोपली शोधायला आत गेल्या. टोपली कुठे आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. करिश्माने आपली एक जुनी आणून दिली.

सकाळी सोमाजीच्या म्हातारीने अंगणात येऊन विचारले, "आज राखण कोण?" मग मंगलीबाईच म्हणाल्या, "अन्नपूर्णा."

अन्नपूर्णाचा ठोका सुरुवातीला फार घाईचा पडला. करिश्मा वाकल्या-वाकल्या म्हणाली, "वरात हाय का?" नियम मोडून दोघी-तिघी हसल्या. मग ठोका जरा सावकाश झाला. ही पोर मान फिरवत नव्हती. स्थिर उभी, डोळे अर्धे मिटलेले, वर्गात कविता ऐकायची तशी. तिचे दोन्ही कान शाबूत होते आणि ती नुसती ऐकत होती. हे आपल्याला येते, हे तिलाही तोवर ठाऊक नसावे.

मंगलीबाई मध्ये बसल्या होत्या. वेचायची हातोटी विसरलेल्या. आपण बोटांच्या चिमटीत फूल धरतो, त्या मूठ भरत होत्या, पाल्यासकट. चार फुले झाली की मान वर. पुन्हा चार, पुन्हा वर. उजवा कान फिरायचाच.

"आत्या, मान खाली," अन्नपूर्णा ठोका न थांबवता म्हणाली.

मान खाली. दोन फुलांनी पुन्हा वर.

"आत्या!"

"पाठीवर कोनी हात ठेवल्यासारखं वाटते वो."

"साऱ्याईले वाटते," करिश्मा म्हणाली. "आमाले रोज तसंच वाटत होतं. तरी वेचत होतो. तुमी उभ्या होत्या म्हणून."

मंगलीबाई खाली पाहून वेचायला लागल्या. त्यानंतर मान किती वेळा वर आली ते मी मोजले नाही. मला खोकला येत होता आणि तो दाबण्यात माझा जीव चालला होता.

ऊन चढले, तीन झाडे झाली, ठोका थांबला नाही. बांधावर टोपल्या उतरवल्या. करिश्माने मंगलीबाईंच्या टोपलीत हात घातला आणि वर काढला. "हे पाहा! फुलं दोन मुठी, पाला दोन पायली. मावशी, बकऱ्याईले नेता का?"

"अकरा वर्सांनं बसली," मंगलीबाई म्हणाल्या. "उद्या पाहजो."

त्यांनी टोपली बांधावर उलटी केली, खाली बसल्या आणि पाला निवडायला लागल्या. जंगल त्यांच्या पाठीमागे होते. अन्नपूर्णा त्यांच्या मागे काठी टेकून उभी होती, अजून घरी पोचायचे होते म्हणून. दोन फुले निवडून मंगलीबाईंनी मान न वळवता विचारले, "अन्नपूर्णा, हायेस ना?"

"हाव."

थोड्या वेळाने पुन्हा. "हायेस ना वो?"

"इथीच उभी आहो, आत्या. निवडा."